सख्या, मोटारीची नळी बदलली

चि. सखाराम यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वर चिरंजीव लिहिलं आणि हात थांबला. गेलेल्या माणसाला चिरंजीव लिहितात का? पण धाकट्या भावाला दुसरं काय लिहायचं ते मला कुणी शिकवलं नाही. तिसरीतून माझी शाळा सुटली. तिथं जी पत्रं घोटून घेतली त्यात असलं पत्र नव्हतं. तेव्हा राहू दे तसंच.

लिहायचं कारण एवढंच की तुझी मोटार परवा गेली. मिरजगावच्या एका भुसार व्यापाऱ्याला दिली. तुझी वस्तू तुला न विचारता दिली, म्हणून कळवते. तुझी ताराही गेली, तुझ्या लेकीला, शकूला घेऊन, आपल्या माहेरी नगरला. तुझ्या माघारी त्या दोघी माझ्याकडेच होत्या. आता घरात मी आणि तुझे दाजी. दाजी जेवायच्या वेळी बोलतात, तेही मीठ कमी असलं तर. मग बोलायचं कुणाशी?

पहिल्यापासून सांगते. मधे बोलू नकोस. तुला मधे बोलायची फार सवय.

तू श्रावणात गेलास तेव्हापासून मोटार माझ्या अंगणात गोठ्याच्या कडेला उभी होती. तशी ती तू असतानाही इथंच असायची. तुझ्या बोळात बैलगाडी वळत नव्हती, मोटार कुठून वळणार? भाडं मारून नगरहून आलास की इथं लावायचास, बिघडली की इथंच खाली घुसायचास, आणि पाना दे, पक्कड दे, ती नव्हे दुसरी, असा माझ्यावर ओरडायचास. तुला पाना देता देता माझी भाकरी तव्यावर करपायची. तुला मी कमी बोलले का? आणि आता रस्त्यावरून कुणाचाही भोंगा वाजला की पिठाच्या हातानं दाराशी जाते. प्रवाशांची सर्व्हिस मोटार असते. धूळ उडवते आणि जाते. परत येऊन पीठ मळते. दाजी बघतात.

माघ सरता सरता तारानं विषय काढला. ती सातवीची फायनल पास आहे हे आपण विसरलोच होतो रे. तूही विसरला होतास. नगरला मास्तरणींच्या ट्रेनिंगला तिला घेतील, असं तिच्या भावानं कळवलं होतं. राहायला माहेर आहे, पण भावाच्या जिवावर किती दिवस खायचं? म्हणून म्हणाली, "वन्सं, गाडी द्यावी म्हणते मी."

मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. म्हैस पाणी पिऊन बसली होती.

पण तिचं खोटं नव्हतं. गाडी तुझी, म्हणजे आता तिची. दाजींनी बाजारात चारचौघांच्या कानावर घातलं आणि मिरजगावचा शेठ आला. बरोबर त्याचा ड्रायव्हर, डोळ्यांवर काळा चष्मा, केसांना तेल. त्यानं चाकात हवा भरली, टाकीत पेट्रोल ओतलं, रेडिएटरमधे पाणी ओतलं आणि पुढून लोखंडी हँडल घालून फिरवलं. सख्या, चालू झाली! इतके महिने उभी होती, तरी तुझ्या हातची म्हणून चालू झाली. तो आवाज ऐकून मी उंबऱ्यातच बसले.

आणि खालून पाणी वाहायला लागलं. थेंब थेंब नाही, धार. रेडिएटरच्या जाळीच्या खालून इंजिनाकडे जाते ती वीतभर रबरी नळी, तीच. उभ्या गाडीचं रबर सुकतं असं तू म्हणायचास. सुकलं होतं. कोंबड्या येऊन पाणी प्यायल्या.

शेठनं धोतर वर धरलं. "बाई, मी मोटार बघाया आलोय का पानपोई?"

"तहान लागली असंल तर पिऊन घ्या," मी म्हटलं.

तो हसला, पण गाडी घेतली नाही. म्हणाला, "म्होरच्या बाजाराला मला हिकडं यायचंच हाय. तवर गळती थांबली तर घिऊन जातो. न्हाईतर श्रीगोंद्याला एक उभी हाय, तिला बोलून ठिवलंय मी."

ते गेले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. गळते तर गळू दे. गळकी गाडी कुणी नेत नाही. ती अंगणात राहील, शकू सीटवर उड्या मारेल, तारा घरात राहील. माझं काय वाईट आहे त्यात?

संध्याकाळी तारा म्हणाली, "वन्सं, राहू द्या आता. नाही जमायचं ते. मी इथंच राहते."

"इथंच म्हणजे?"

"तुमच्या हाताखाली. परक्याच्या घरी थोडीच आहे?"

ती रडली असती तर मी गप्प बसले असते, सख्या. ती रडली नाही. भूगोलाचं पुस्तक ट्रंकेत टाकलं आणि सूप घेऊन उद्याची डाळ निवडायला बसली. त्या डाळीनं माझं डोकं फिरलं. तुझी बायको, फायनल पास, पंचविशी नुकती उलटलेली, माझ्या ओसरीवर जन्मभर डाळ निवडणार? आणि मी ती खाणार?

सकाळी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि गाडीखाली गेले.

आता तुझ्याशी भांडायचं आहे. त्या नळीला तू काय काय गुंडाळलं होतंस? वरून सुतळी. ती सोडली तर खाली साबण चोपडलेलं फडकं. ते सोडलं तर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. आणि त्याच्याखाली, नीट ऐक, माझं हिरवं चौकडीचं लुगडं. फाडून, पट्ट्या करून, एकीवर एक. ते हरवलं म्हणून मी परटिणीशी अख्ख्या आळीदेखत भांडले होते. ती बिचारी लेकरांच्या शपथा घेत होती. तू शेजारी उभा राहून मान हलवत होतास, "अक्का, या बायका अशाच." तुला लाज कशी वाटली नाही?

मी गाडीखाली उताणी पडून ती लुगड्याची पट्टी हातात धरली आणि तुला जोरात शिवी दिली. गोठ्यातून दाजींनी विचारलं, "कुनाला बोलतीस?" वाटलं, हा आत्ता इथं असता तर याचा कान धरून परटिणीच्या दारात नेला असता. नुसता कान धरायला मिळाला असता तरी पुरे होतं.

आतली नळी उकडलेल्या वांग्यासारखी झाली होती. बोट लावलं की आत. रेडिएटरची तोटी सोडली तेव्हा घंगाळात पाणी आलं ते पिवळसर. माझी हळद. जाळी गळायला लागली की मूठभर हळद आत टाकायचास, भोक बुजतं म्हणून. लढाईत रबर मिळत नव्हतं, पेट्रोल मिळत नव्हतं, मागं कोळशाची टाकी लावून तोंड काळं करून हिंडायचास, ते सगळं मी पाहिलं आहे. पण लढाई संपली तरी तुझं "बघू उद्या" संपलं नाही. नळीचं तेच आणि तापाचंही तेच. अंगात ताप घेऊन फेऱ्या मारल्यास आणि मला म्हणालास, ऊन लागलं. मी तुझी थोरली बहीण. मला तरी खरं सांगायचंस.

जाऊ दे. नळीचं सांगते.

दाजींनी पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं. म्हणाले, "आगं, एवढा काय घोर? मोटंची सोंड बग. दिस उगवल्यापास्नं पान्यात आसती, गळती का कवा? चामड्याचीच शिवून घे."

मला पटलं. तुलाही पटलं असतं, उगाच हसू नकोस. आपल्या विहिरीवरची मोट किती वर्षं पाणी ओढते, तिची सोंड कधी गळली नाही. दाजींनी जुन्या सोंडेचा तुकडा काढला, चांभारानं वीतभर नळी शिवून दिली, टाके असे बारीक की सुई घालायला जागा नाही. करंजाचं तेल पाजलं. बसवली, दोन्ही टोकांच्या लोखंडी पट्ट्या आवळल्या, पाणी ओतलं. एक थेंब नाही! दाजी असे उभे राहिले की जशी मोटार त्यांनीच बनवली.

मग मी आत बसले. मला चालवता येत नाही, पण तू हँडल मारायचास आणि मी आत बसून तू सांगशील ते दाबायचे, तेवढं येतं. दाजींनी हँडल मारलं. दोनदा ते उलटं फिरून हातावर बसलं, हात झटकत माझ्या माहेराला काहीतरी म्हणाले, ते तुला लिहीत नाही. तिसऱ्यांदा चालू झाली. तारा दारात, शकू तिच्या कडेवर. सगळं छान चाललं होतं. पाणी थंड होतं तोवर.

तापल्यावर वास सुटला. आधी मला वाटलं शेजारी कुणी मटण शिजवतंय. दाजी वाकून बघायला गेले आणि तेवढ्यात चामडं आखडलं. पापड निखाऱ्यावर वळतो तसं वळलं, पट्टीतून निसटलं आणि सगळं उकळतं पाणी दाजींच्या पायावर. दाजी जे उडाले ते थेट उकिरड्याच्या पलीकडे.

विहिरीचं पाणी थंड असतं आणि इंजिनाचं कढत, एवढं दोघा म्हाताऱ्यांना सुचलं नाही. आळीतल्या बाया जमल्या. एक म्हणाली, "आक्का, मोटार शिजली का कच्ची हाय अजून?" मी म्हटलं, "शिजली की वाटी घिऊन ये." दाजींच्या पायाला तूप लावलं. फार भाजलं नव्हतं. पण मी रागात लगेच ती पट्टी सोडवायला गेले आणि माझी बोटं पोळली. तू असतास तर ओरडला असतास, अक्का, आधी गार होऊ दे. तुझं ते एक वाक्य मला कधी ऐकवत नसे. दहा वेळा सांगायचास आणि दहाही वेळा मी हात घालायचे.

पोळलेली बोटं पाण्यात घालून बसले, आणि सख्या, तुझा आवाज आठवेना. म्हणजे वाक्य आठवतं, आवाज आठवत नाही. कसा होता रे? जाड होता की बारीक? मी इतकी घाबरले की ताराला हाक मारून विचारणार होते. मग शकू रडली आणि तिच्या रडण्यात कुठंतरी तू सापडलास. तू लहानपणी असाच रडायचास, आधी हुंकार, मग आवाज.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिसनं नगरला गेले, तिथून भिंगारला. लष्कराचा काढून टाकलेला माल तिथं भंगारवाले घेऊन बसलेत, डोंगरच्या डोंगर. सडकी नळी पिशवीत घातली होती. एका भंगारवाल्यापुढं ठेवली.

तो म्हणाला, "बाई, बैलगाडीला लावनार का ही?"

"तुझ्या तोंडाला लावते. आहे का तेवढं सांग."

त्यानं गुपचूप दाखवली. आत कापडाचे पदर, वरून जाड रबर, बोटानं दाबली तर दबेना. सडकी नळी फुगून मोठी झाली होती, तिचं माप धरलं असतं तर फसले असते. पण नळी बसते ते गाडीचं तोंड मी सुतळीनं मापून आणलं होतं. त्या सुतळीवर नळी लावून बघितली, जरा तंग घेतली. सैल घेऊ नये, तंग घ्यावी आणि कढत पाण्यात बुडवून चढवावी. हे मला कुणी शिकवलं? तूच. शिकवलं असंही नाही. तू खालून बडबडत होतास आणि मी वरून करवादत होते, त्यातलं राहिलं.

घरी येऊन दगडानं गंज घासला, साबण लावला. आधी पट्ट्या ओवल्या, मग नळी चढवली. चढेना. मी रेटते, ती मागं येते. ताराला म्हटलं, "नुसती बघतेस काय? ये खाली." ती आली. तुझी तारा, पायाचं बोट चिखलात घालायला कचरायची ती, माझ्याशेजारी गाडीखाली उताणी पडली. एकीनं धरली, एकीनं रेटली. एकदम बसली. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

मग गाडी चालू करून तापवली आणि बंद केली. नवं रबर तापलं की बसतं, पट्टी सैल पडते, ती गार झाल्यावर पुन्हा आवळायची. तेव्हा गार होईपर्यंत बसायचं होतं. मी बसले. होय, मी. ओट्यावर, तारा शेजारी. मी अशी रिकामी बसलेली तिनं कधी पाहिली नव्हती. मग तिनं बोलायचं धाडस केलं.

"वन्सं, एक विचारू? ते माझ्याकडे जेवायला यायच्या आधी इथं जेवायचे का हो?"

"म्हणजे काय? रोज. सांगायचा, ताराची चूल पेटली नसेल अजून."

ती बघतच राहिली. "मला म्हणायचे, अक्कानं विचारलंसुद्धा नाही जेवायचं."

मग तिनं विचारलं, "तुमच्याकडे किती भाकरी खायचे?"

"तीन. भुकेला असला तर चार."

"माझ्याकडेही तीन."

लबाडा. दोन घरी जेवलास आणि दोन्ही घरी उपाशी म्हणवून घेतलंस. मला राग यायला हवा होता. मला मनात आलं ते एवढंच की तू आत्ता यावंस आणि आम्ही दोघींनी दोन्हीकडून वाढावं, आणि तू कुणाला नाही म्हणतोस ते बघावं. तारानं पदर घेतला आणि तुझ्या गाडीचं बॉनेट पुसायला लागली. आधीच स्वच्छ होतं ते.

बाजाराच्या दिवशी शेठ आला. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, तापू दिली, खाली हात घालून बघितलं. हात कोरडा. पुन्हा घातला. कोरडा.

"कुनी बशिवली नळी?"

दाजी म्हणाले, "आमच्या घरच्यांनी."

"घरच्या कुनी?"

"घरच्यांनीच की," दाजी म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. शेठनं माझ्या पोळलेल्या बोटांकडे बघितलं आणि पुढं विचारलं नाही.

व्यवहार झाला. शेठ नगरवरूनच पुढं जाणार होता, म्हणून तारा आणि शकू त्याच गाडीतून जायच्या ठरल्या. ट्रंक चढली. मी गाडीला हळदकुंकू लावलं. आणि तेवढ्यात दाजी हँडल घेऊन घरात निघाले.

शेठ म्हणाला, "अवो, ते कुठं न्हेता?"

"जनावर दिलं तरी दावं देत न्हाई आमी. दावं धन्याकडंच ऱ्हातं."

"आन मी चालू कशानं करू? शेपूट पिरगाळून?"

सगळी हसली. दाजी हसले नाहीत. ते खरंच बोलत होते. तुझं काहीतरी दाव्यासारखं घरात राहावं, एवढं त्यांच्या मनात होतं, आणि त्यांना दुसरं सांगता येत नाही. शेवटी तू बसायचास ती सीटवरची गोणपाटाची घडी त्यांनी काढून घेतली. काखेत मारली आणि गोठ्यात गेले. निरोप द्यायला बाहेर आले नाहीत.

गाडी निघणार, तर मी पेचकस घेतला आणि पुढच्या सीटवर चढून बसले.

तारा म्हणाली, "वन्सं, तुम्ही कुठं?"

"राहुरीपर्यंत. रस्त्यानं चालली की पट्टी अजून एकदा आवळावी लागते."

ड्रायव्हर म्हणाला, "मी आवळतो की, मावशी."

"तू तुझा चष्मा आवळ."

शेठ कुरकुरत मागं ट्रंकेशेजारी बसला. गाडी निघाली. सख्या, तुझ्याबरोबर कितीदा या सीटवर बसले असेन, आणि दरवेळी एकच घोषा, सावकाश चालव, सावकाश चालव. परवा तो पोरगा सावकाश चालवत होता आणि मला वाटत होतं, घे की जरा जोरात. खड्डा चुकवताना तू डावा खांदा पाडायचास. हा पाडत नव्हता. मी सगळा रस्ता समोर बघत बसले. शेजारी बघितलं की कुणी दुसराच होता.

राहुरीच्या अलीकडे लिंबाखाली गाडी थांबवली. बॉनेट उघडून गार व्हायची वाट बघत बसले. शेठ दोनदा म्हणाला, "बाई, किती येळ?" मी म्हटलं, "हात लावता येईस्तोवर." मग खाली वाकले आणि पट्टी आवळली. अर्धा फेर सैल पडली होती. बरं झालं आले.

मी तशी वाकलेली असतानाच ताराचं हसू ऐकलं. शकूनं ड्रायव्हरचा चष्मा मागितला होता आणि त्यानं तो तिच्या नाकावर ठेवला होता. काळ्या चष्म्यात ती मुंगळ्यासारखी दिसत होती. तारा गाडीला टेकून हसत होती, तोंडावर हात न ठेवता, सगळे दात दाखवून. तू गेल्यापासून ती हसलेली मी ऐकली नव्हती. मला काय वाटलं, सांगू? पेचकस मुठीत आवळला मी. तुझ्या गाडीला टेकून, दुसऱ्याच ड्रायव्हरच्या गमतीला हसते?

आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले होते एवढंच, बोलले काही नव्हते. तरी तिचं हसू तिथल्या तिथं विझलं. पदर कपाळावर ओढून घेतला, शकूच्या नाकावरचा चष्मा काढून परत दिला. शकू रडायला लागली.

ते मला लागलं, सख्या. हसण्यापेक्षा ते फार लागलं. ती मला भिते. घरात माझ्याशेजारी जेवली, माझ्याबरोबर गाडीखाली लोळली, आणि हसताना मला भिते. म्हणजे इतके महिने माझ्या घरात ती काय करत होती? तुझं दुःख माझ्या मापानं करत होती. मी बघते आहे की नाही ते बघून.

मी जवळ गेले. मला गोड बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "दे की तो चष्मा तिला. नगरपर्यंत घालू दे." ड्रायव्हरनं दिला. तारानं खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. मी म्हटलं, "नीट शीक. गाडीत पाणी घालत जा म्हणावं त्या ड्रायव्हरला," आणि बाजूला झाले.

गाडी गेली. वळणावर त्या पोरानं भोंगा वाजवला. तुझाच भोंगा. मी लिंबाखाली जिथं गाडी उभी होती तिथं बघितलं. धुळीत चाकांच्या खुणा होत्या, पाण्याचा एक थेंब नव्हता. चांगलं काम झालं होतं. मी तिथंच बसून रडले. आपल्या गावाकडे जाणारी एक सर्व्हिस आली ती जाऊ दिली. दुसरी धरली.

आता एक वचन देते आणि पत्र पुरं करते, डोळे दुखतात.

तारा शिकेल, मास्तरीण होईल, कुठल्या तरी गावाच्या शाळेवर जाईल. तिथं तिला एखादा बरा माणूस भेटला आणि तिनं मनात घेतलं, तर भावकी माझ्याच दारात येईल. अक्का, तू थोरली, तू तिला अडव म्हणतील. मी अडवणार नाही. मी त्यांना अंगणातूनच परत लावीन, चहासुद्धा देणार नाही. आणि तारा माझ्या घरी आली, एकटी आली किंवा कुणाला घेऊन आली, तरी तिला पोटभर हसू देईन, आणि मी शेजारी बसेन.

तुला राग येईल. येऊ दे. तू मला फार छळलंस, थोडं मीही छळते. तुझा राग मला सोसेल, सख्या. तिनं माझ्याकडे बघून पुन्हा पदर ओढून घेतला, तर ते सोसवणार नाही.

तुझी,
अक्का